लॉर्नासाठी धरलेलं फाटक

१

आमचा एक नियम होता. वाटेत फाटक आलं की मी पुढे जाऊन ते उघडायचं, पाठीने रेटून धरायचं आणि खालच्या खोऱ्याकडे बघत उभं राहायचं. लॉर्ना येते कशी, ते बघायचं नाही. ती माझ्या बाजूने पुढे गेली आणि "झालं" म्हणाली की मी फाटक सोडायचं. मग ते आपसूक मिटायचं आणि लोखंडी कडी खाडकन पडायची.

नियम लॉर्नाचा. माझी धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, हट्ट मात्र अजून आठ वर्षांच्या पोरीचा. दीड वर्षाच्या औषधांनी तिच्या बोटांतली जाणीव गेली होती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची, कोटाची बटणं मी लावून द्यायचे. फाटकाची गार कडी तर तिला उचलायलाच यायची नाही, बोटं नुसती लोखंडावर घासत राहायची. चालणंही तसंच. एक पाऊल टाकायचं, काठी टेकायची, श्वास घ्यायचा, मग दुसरं पाऊल. आणि हे सगळं कुणी बघितलेलं तिला खपायचं नाही.

"तू अशी तोंड वाकडं करून बघत राहतेस ना मो, तेव्हा मला वाटतं मी आत्ताच गेले," ती म्हणाली होती.

"तोंड जन्मापासून असंच आहे माझं."

"म्हणूनच सांगते. ते तिकडे खोऱ्याकडे कर. खोऱ्याला सवय आहे."

माझं नाव मॉरीन. छत्तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, रोज तीनशे पोरांचं जेवण. मला भुताखेतांचं काही सांगू नका. ऐकून घ्यायला वेळच नव्हता कधी. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून लोक म्हणतील, म्हातारी चळली.

दक्षिण इंग्लंडातल्या खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून जाणारी ही वाट, रिजवे, आम्ही दोघी गेली अठरा वर्षं तुकड्या-तुकड्यांनी चालत होतो. लॉर्नाचा नवरा गेला त्या वर्षी सुरुवात केली. आता शेवटचे बावीस मैल उरले होते. धडधाकट माणसाचं दीड दिवसाचं काम, आम्ही तीन दिवस धरले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी वाट जिथे डांबरी रस्त्याला उतरते तिथे लॉर्नाची मुलगी टॅमसिन गाडी घेऊन येणार होती. टॅमसिन सहा महिन्यांची गरोदर. पहिलंच.

आणि टॅमसिनला एक गोष्ट माहीत नव्हती. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. आता उपयोग नाही, म्हणाले. किती दिवस, असं लॉर्नाने विचारलं, तर म्हणाले, नाताळ कदाचित. बाळ जानेवारीत येणार होतं.

"वाट संपवते, मग सांगते तिला," लॉर्ना म्हणाली. "तू शेजारी उभी राहा. रडायचं मात्र नाही तू."

म्हणजे त्या बावीस मैलांच्या टोकाला ती गाडी होती, आणि गाडीत ते एक वाक्य. मी ते वाक्य ऐकायला भीत होते. लॉर्ना मरेल याची भीती वेगळी, ती जुनी झाली होती. टॅमसिनचं तोंड बघायची भीती ताजी होती.

२

पहिला दिवस कोरडा मिळाला. सप्टेंबर संपत आलेला, ऊन कोवळं, वर कुठेतरी चंडोल, दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं. वाट पांढरी, रुंद आणि सरळ. तीन फाटकं नियमाप्रमाणे पार पडली. मधल्या वेळात लॉर्नाने माझ्या सँडविचला नावं ठेवली आणि दोन खाल्ली.

चौथं फाटक एका जुन्या थडग्याच्या उंचवट्यापाशी होतं. मी ते उघडलं, पाठ लावली, खोऱ्याकडे तोंड केलं. खाली एक ट्रॅक्टर नांगरत होता, त्याच्यामागे पांढरे पक्षी. मी ते पक्षी मोजायचा चाळा लावून घेतला होता. माझ्या बाजूने कुणीतरी गेलं. कोटाची बाही माझ्या बाहीला घासली.

"झालं."

मी फाटक सोडलं. कडी पडली.

"अगं ए! डोळे फुटले का तुझे?"

लॉर्ना अलीकडे होती. फाटकापासून चांगली तीस-चाळीस पावलं अलीकडे, काठीवर रेलून, लालबुंद झालेली.

"तू झालं म्हणालीस ना?"

"मी? माझ्या तोंडातून श्वास निघेना, झालं कुठून निघणार? बरोबर माझ्या नाकासमोर बंद केलंस. दुसरं कुणी असतं तर मी तक्रार केली असती."

मी पुढे बघितलं. वाट मैलभर तरी सरळ होती. कुंपण नाही, झाड नाही, खड्डा नाही. कुणीही नव्हतं. वाऱ्याने बाही हलली असेल, मी स्वतःला सांगितलं. आणि "झालं"? ते तर मी दिवसभर ऐकत होते, कानात बसलं असेल. शाळेतून घरी आल्यावरही मला कितीतरी वेळ पोरांचा गलका ऐकू यायचा.

मी परत फाटक उघडलं. लॉर्ना आली, जाता जाता तिने काठीने माझ्या बुटावर टिचकी मारली.

"आता झालं," ती म्हणाली. "ऐकलंस? असा असतो माझा आवाज. दमलेला."

ती हसली, मीही हसले. पण खरं सांगते, आधीचं "झालं" दमलेलं नव्हतं. हे मला तेव्हाच जाणवलं होतं आणि मी ते तिला सांगितलं नाही.

३

रात्री पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरचा खडू भिजून कणकेसारखा झाला होता. तो बुटांना चिकटतो, पाऊल जड होतं आणि प्रत्येक ठसा असा उमटतो की त्यावरून चांभाराने जोडा शिवावा. आमच्याआधी त्या वाटेवर कुणी गेलेलं नव्हतं. पांढरा चिखल सपाट, पावसाच्या थेंबांच्या खळग्यांनी भरलेला.

मी पुढे होते. एक फाटक आलं. मी ते उघडलं, पाठ लावली, खोऱ्याकडे बघत उभी राहिले. बाजूने कुणीतरी गेलं. "झालं."

या वेळी मी सोडलं नाही. मी काठीच्या आवाजाची वाट बघत होते, आणि काठी वाजलीच नव्हती. मी हात घट्ट केले आणि तशीच उभी राहिले. मान वळवायची हिंमत मात्र झाली नाही. नियम आहे ना, असं मी मनाशी म्हटलं. कसला डोंबलाचा नियम, मी घाबरले होते.

मग मागून काठी आली. टक, पाय घासत, श्वास. टक, पाय घासत, श्वास. लॉर्ना माझ्या बाजूने गेली.

"झालं. काय गं, अशी खांबासारखी का उभी आहेस?"

"पाठ धरलीय."

"तरी पंचवीस वर्षांपूर्वीच सांगत होते, ते पिठाचे डबे उचलायचे बंद कर म्हणून."

ती पुढे निघाली. मी फाटक मिटलं आणि खाली बघितलं. चिखलात लॉर्नाचे ठसे होते, उजवा पाय फरफटल्याची रेघ, शेजारी काठीचं भोक. आणि त्याच्या डाव्या हाताला आणखी एक ओळ. तेच बूट, तळाला तीच नागमोडी नक्षी. फक्त पाऊल लांब टाकलेलं, फरफट नाही, काठीचं भोक नाही. ती ओळ फाटकापासून सुरू होत होती. फाटकाच्या अलीकडे माझे आणि लॉर्नाचे, दोनच.

आता हे बूट आम्ही दोघींनी एकाच दुकानातून घेतले होते, सवलतीत होते म्हणून. अर्ध्या परगण्याच्या पायात ते असतील. काल संध्याकाळी कुणी गेलं असेल. पण काल संध्याकाळी चिखल नव्हता. बरं, पहाटे गेलं असेल. पहाटे गेलं असेल तर अलीकडे ठसे का नाहीत? मधल्याच शेतातून वर आलं असेल. पण मग ओळ फाटकाच्या खांबाला चिकटून कशी सुरू झाली? मी हे सगळं मनातल्या मनात उलटसुलट करत होते, आणि लॉर्ना पुढे चालता चालता त्या ठशांवरून स्वतःचे पाय टाकत चालली होती.

"कुणीतरी लांब टांगांचं गेलंय पुढे," ती म्हणाली. "बघ, मला गाठता येत नाही एकही पाऊल. पूर्वी मी अशी चालायचे."

पाव मैलावर वाट गवतात शिरली. तिथे ठसे संपले.

४

त्या रात्रीचा मुक्काम मिसेस पोकॉक यांच्या शेतघरात. ही वाट चालणाऱ्यांसाठी त्या वरची एक खोली देतात. दारातच बूट काढायची पाटी, बूट ओढून काढायचं लाकूड आणि ओलं कुत्रं. लॉर्ना बाहेरच्या बाकावर बसली, कारण तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला मला वेळ लागणार होता. मी आधी आत गेले, आलो म्हणून सांगायला.

मिसेस पोकॉक सत्तरीच्या असतील. हात पिठात, कपाळावर आठी.

"या," त्या म्हणाल्या. "आणि बहीणबाईंना सांगा, या घरात बूट काढून जिने चढतात. पाटी काय शोभेला लावलीय?"

"ती अजून बाहेरच आहे," मी म्हटलं.

"बाहेर कुठल्या? आत्ता नाही का वर गेल्या? मी दार उघडलं, धरलं, त्या आत आल्या. ना नमस्कार, ना चमत्कार. तरातरा वर गेल्या."

वरून चालण्याचा आवाज येत होता. फळ्यांवर बुटांचा. खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत. सणसणीत पावलं, उतावळ्या माणसाची. मी उघड्या दारातून मागे बघितलं. लॉर्ना बाकावर बसून कुत्र्याशी बोलत होती.

मिसेस पोकॉकनीही बघितलं. आधी बाकाकडे, मग वर छताकडे. मग त्यांनी हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट.

जिन्याच्या गालिच्यावर पांढरे ठसे होते. मी वर गेले. त्यांनी मला अडवलं नाही आणि त्या माझ्याबरोबर आल्याही नाहीत. खोलीचं दार बंद होतं. मी कडी काढली तेव्हा आतला आवाज थांबला. आत दोन पलंग, एक हात धुवायचं भांडं, खिडकी आतून बंद. ठसे खिडकीपाशी जाऊन उभे होते, शेजारी शेजारी, बाहेर बघणाऱ्या माणसाचे. तिथून खालचा बाक दिसत होता. बाकावर लॉर्ना.

खाली येऊन मी बाहेर लॉर्नाच्या नाड्या सोडून दिल्या. परत आत आले तेव्हा मिसेस पोकॉक चहा ओतत होत्या आणि तो बशीत सांडत होता.

"फाटक धरलंत का कुणासाठी?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"बहिणीसाठी धरते. प्रत्येक ठिकाणी."

"धरून दुसरीकडे बघता?"

"तिला आवडत नाही बघितलेलं."

"आम्ही या डोंगरावर नाही धरत कुणासाठी. ज्याचं त्याने उघडावं, ज्याचं त्याने लावावं. मी आज दार धरलं, म्हातारपणी अक्कल गेली माझी."

"तिची बोटं चालत नाहीत हो. करू काय मी?"

"मग हात धरून एकदम पार व्हा दोघी. आधी-नंतर नाही. एकदम." त्यांनी बशी पुसली. "आणि मला याच्यापुढे काही विचारू नका. मला माहीत नाही. माझ्या आईलाही माहीत नव्हतं, ती नुसतं धरायची नाही."

एवढ्यात लॉर्ना मोज्यांवर आत आली. "कसला छान वास येतोय! काय आहे, मटण?" मिसेस पोकॉक तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चुलीजवळची स्वतःची खुर्ची ओढून तिला दिली. त्या रात्री आम्ही वरच्या खोलीत झोपलो नाही. छत गळतंय, असं त्यांनी लॉर्नाला सांगितलं आणि खाली बैठकीत गाद्या घातल्या.

५

तिसऱ्या दिवशी धुकं होतं. माथ्यावर तर असं की हात लांब केला तर कोपरापर्यंतच आपला.

पहिल्या फाटकाशी मी लॉर्नासाठी थांबले, तिचा हात धरला आणि फाटक उघडून दोघी एकदम पार झालो. दुसऱ्या फाटकाला तिने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्याला हात ओढून घेतला.

"हे काय चाललंय?"

"धुकं आहे. हरवशील."

"सरळ वाटेवर? दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण असताना?"

"लॉर्ना, ऐक ना. आजच्या दिवस."

"का पण? काल रात्रीपासून तू आणि ती बाई माझ्याकडे बघताय कसं, तिरडी बांधायला घेतल्यासारखं. काय बोललीस तू तिच्याशी? सांगितलंस ना तिला माझं?"

"नाही गं बाई."

"सांगितलंसच. खुर्ची दिली मला तिने! स्वतःची खुर्ची! मो, मला मरायचंय, ठीक आहे, मी मरते, पण मला बालवाडीच्या पोरीसारखं हाताला धरून नेऊ नकोस. शेवटचे तीन मैल आहेत माझ्या आयुष्यातले. ते मला माझ्या पायांनी जाऊ दे."

यावर काय बोलणार होते मी? फाटकातून दुसरीच कुणी जाते, असं सांगू? तुझ्यासारखी, पण बरी असलेली? खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, ती म्हणेल, मी जायच्या आधीच तू माझ्याऐवजी दुसरी शोधलीस.

"पुढे हो," लॉर्ना म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला राग येत होता. "शेवटचं फाटक उघड, धर, आणि नेहमीसारखी तिकडे बघ. तेवढंच मागते. आणि त्या पोरीला सांगताना माझ्या शेजारी राहा. एवढी दोनच कामं आहेत तुला."

मी पुढे झाले. चिडले होते, तिच्यावर, पोकॉकबाईंवर, त्या औषधांवर, सगळ्यांवर. आपली माणसं नेमकी अशाच वेळी भांडणं उकरून काढतात. मी भराभर चालले, चालायला नको होतं इतकी.

६

शेवटचं फाटक मोठं आहे, ओक लाकडाचं, दणकट स्प्रिंगचं. त्याच्यापुढे वाट वळून खाली रस्त्याला लागते. मी पोचले तेव्हा खालून गाडीच्या हॉर्नचा आवाज आला, दोनदा. टॅमसिन. धुक्यात वाट चुकू नये म्हणून वाजवत होती.

मी फाटक उघडलं, दोन्ही हातांनी धरलं. खोऱ्याकडे तोंड केलं, पण खोरं नव्हतंच, नुसतं पांढरं. मी ठरवलं होतं की काठी ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. आणि ठरवलं होतं की या वेळी बघायचं. लॉर्ना चिडली तर चिडली.

पावलं आली. सरळ, ठाम, लांब. काठी नाही. बाही माझ्या बाहीला घासली.

"झालं."

मी वळले.

लॉर्ना फाटकाच्या पलीकडे उभी होती. अंगात तिचा निळा कोट. वर्षभर तो तिच्या अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता, आता नीट बसला होता. बटणं लावलेली, सगळी, गळ्यापर्यंत. गाल भरलेले. डोळ्यांखाली काही नाही. धाप नाही. माझ्या स्वयंपाकघरात येऊन काउंटरवर बसून पाय हलवत मला चिडवणारी लॉर्ना, पाच वर्षांपूर्वीची. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीच, पण आधी दुसरंच वाटलं. मला आनंद झाला.

"चल ना," ती म्हणाली. "पोरगी वाट बघतेय."

आवाज तिचाच. डोळे माझ्यावर, पण त्यांत माझी ओळख आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. धुकं होतं. मी फार वेळ बघितलंही नाही.

मग मागून काठी आली. टक, पाय घासत, श्वास.

"मो?" धुक्यातून लॉर्ना म्हणाली. "आलेच गं. धरून ठेव. चुकलंच माझं मघाचं, उगाच बोलले तुला. तू होतीस म्हणून आले मी इथवर." धाप. टक. "ऐकतेस ना? हॉर्न ऐकलास? आलो की आपण!"

फाटकाची स्प्रिंग हाताला ओढत होती. पलीकडच्या लॉर्नाने मला घाई केली नाही, काही मागितलं नाही. नुसती उभी होती, रस्त्याला लागायला तयार, धडधाकट. हिला टॅमसिनला काहीच सांगावं लागणार नव्हतं. जानेवारीत ही बाळाला हातात घेणार होती.

मला विचार करायला वेळ मिळाला नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं. पण छत्तीस वर्षं भांडीकुंडी हाताळलेल्या बाईला हातातून वस्तू निसटते तेव्हा कसं वाटतं ते माहीत असतं, आणि आपण सोडतो तेव्हा कसं वाटतं तेही.

मी सोडलं. कडी पडली.

काठी फाटकापाशी येऊन थांबली. धुक्यातून कोटाचा निळा रंग तेवढा दिसला, आणि वरच्या दांडीवर ठेवलेला एक हात.

"अगं मो, सुटलं का हातून? उघड ना. मला नाही येत."

लोखंडावर बोटं घासल्याचा आवाज आला. मग परत. मग परत.

माझ्या कोपराला कुणीतरी धरलं. हात उबदार होता आणि पकड चांगली घट्ट. आम्ही दोघी उतारावरून खाली निघालो. तोंडातून एक शब्द काढला असता तर मी परत गेले असते, म्हणून दात आवळून धरले होते.

७

टॅमसिन गाडीला टेकून उभी होती, एक हात पोटावर, एका हातात थर्मास. आम्हाला बघून तिने थर्मास बॉनेटवर ठेवला आणि धावत आली. धावू नकोस, धावू नकोस, असं मी ओरडले.

"आई! अगं आई, किती छान दिसतेयस तू!" तिने तिला मिठी मारली, मागे होऊन तोंड बघितलं, परत मिठी मारली. रडत होती आणि हसत होती. "मी काय काय विचार करून आले होते माहितीय? वाटलं, काहीतरी सांगायचंय तुला. काहीतरी वाईट. म्हणूनच बोलावलंयस इथे."

"वेडाबाई," ती म्हणाली. "मला काय होतंय?"

तिने स्वतःच्या हाताने गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर बसली. पट्टा ओढला, लावला. टॅमसिन माझ्याकडे बघून मान हलवत राहिली, विश्वास न बसल्यासारखी. मग तिने माझे दोन्ही गाल धरून मुका घेतला. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

मी मागे बसले. टॅमसिन चालकाच्या दाराशी गेली आणि दार उघडायच्या आधी थबकली. डोंगराकडे बघत. वर सगळं पांढरंच होतं.

"मावशी, वर कुणी आहे का गं?"

"का?"

"कुणीतरी माझं नाव घेतंय असं वाटलं." ती कान देऊन उभी राहिली. "परत. ऐक. टॅमसिन म्हणतायत ना?"

पुढच्या सीटवरची मान वळली नाही. मला ऐकू येत होतं. स्पष्ट येत होतं. दमलेल्या माणसाला जेवढं ओरडता येतं तेवढं, मध्ये श्वास घेऊन, परत.

"मेंढीवाली असेल," मी म्हणाले. "कुत्र्याला हाका मारतेय."

"कुत्र्याचं नाव टॅमसिन?" ती हसायला लागली.

"ठेवतात लोक काहीही हल्ली. मला थंडी वाजतेय गं. गाडी काढ."

तिने गाडी काढली.